भिंतीलगतची बोराटी

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "बाई, राग आला की बोलू नका, लिहून काढा." बोलल्यानं म्हणे रक्तदाब चढतो. उभा जन्म शाळेत बोलण्यात गेला, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून तर नुसतं ओरडण्यात, तेव्हा नाही चढला तो! पण गोळी वाढवण्यापेक्षा वही बरी. लेकीनं, मनस्विनीनं पुण्याहून पाठवलेली गेल्या वर्षीची डायरी कोरी पडली होती, तीच काढली. तारखा माझ्या मी घालते.

तर राग. आज पोळ्या अर्ध्यावर टाकून खिडकी लावून घेतली. गारखेड्यात हे रो हाउस घेतलं तेव्हा कॉलनीतलं शेवटचं घर मिळालं म्हणून मी पेढे वाटले होते. एक बाजू मोकळी, वारा येईल. आता त्या मोकळ्या बाजूला कॉलनीची भिंत, भिंतीपलीकडे बोळ, आणि बोळातून जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला नेमकी माझ्या स्वयंपाकघरापाशी आल्यावरच लागते. रिक्षावाले, क्लासची पोरं, पार्सलवाले, सगळे. भिंत आड असल्यामुळे दिसत कुणी नाही, वास तेवढा येतो. पलीकडून जाऊन बघितलं तर भिंतीवर पिवळे ओघळ आणि खाली चिखल. शी! लिहितानासुद्धा नाकाशी हात जातोय.

यांना म्हटलं, "तुम्हा पुरुषांना लाज कशी नाही हो वाटत? तंगडी वर करायची तेवढी बाकी ठेवलीय."

हे पेपरात तोंड घालून बसले होते. "जागा नसेल सापडत एखाद्याला," एवढंच म्हणाले.

जागा नाही सापडत! मला बरी कधी रस्त्यात लागली नाही एवढ्या वर्षांत. बायका धरतातच ना कळ?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष तात्यासाहेब. त्यांनी उपाय केला तो असा, की भिंतीवर देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवल्या. फोडला नारळ, काढला फोटो. आज मी गच्चीवरून वाकून पाहिलं. एक भला माणूस आला, फरशीला नमस्कार केला, चार पावलं सरकला आणि उभा राहिला. म्हणजे भक्तीही झाली आणि कामही झालं. देवांना त्या घाणीत पहाऱ्याला उभं करायचं, याचीच मला जास्त किळस आली.

यांचं काहीतरी बिनसलंय. संध्याकाळचा चहा बंद केला. का, तर म्हणे पित्त होतं. आयुष्यभर नाही झालं ते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या रत्नमालेनं आज खरा उपाय सांगितला. रत्नमाला पाचोडची, घरची मोठी शेती, नवऱ्याच्या नोकरीपायी इथं राहते. तिचा विश्वजित माझ्या शाळेत होता म्हणून मला बाईच म्हणते. तोंडानं फटकळ, पण माणूस चोख.

"देव कशाला हुबे करता बाई त्या घाणीत? बोराटी लावा. आमच्याकडं कडब्याच्या गंजीला लावत्यात. बैलबी तोंड घालत नाय, मान्साची काय बिशाद!"

बोराटी म्हणजे चणीबोराचं झुडूप. माळावर वाढतं, कुणी पाणी घालत नाही, दुष्काळात सगळं करपलं तरी हे आपलं खुशाल. रत्नमाला सांगत होती, तिचे काटे जोडीनं असतात, एक सरळ, एक आकड्यासारखा वाकडा. सरळ टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. ऐकूनच मला गार वाटलं. म्हटलं, आण गाडीभर.

यांना सांगितलं तर म्हणे, "अगं, लागेल कुणाला."

"लागू दे. त्यासाठीच आणतेय."

पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "त्यापेक्षा बाहेरचा संडास उघडू या का? भिंतीतून बोळात दार आहेच त्याचं."

बिल्डरनं कामवाल्यांसाठी म्हणून बाजूच्या पट्टीत एक संडास काढून ठेवलाय. राहायला आलो त्याच दिवशी मी त्याला कुलूप घातलं. एकदा उघडा राहिला की भाजीवाला, भंगारवाला, दुनिया येईल. आत जुना कूलर आहे, तेच बरं. यांना म्हटलं, "कुणासाठी उघडू? रिक्षावाल्यांसाठी मी फिनेल घालत बसू?"

रिटायर झाल्यापासून यांना गावाचा कळवळा फार.

२३ नोव्हेंबर, रविवार

आली बोराटी! रत्नमालेच्या शेतावरचा बन्सी छोटा हत्ती टेम्पो भरून घेऊन आला. हाताला काही न बांधता, नुसत्या दुबेळक्याच्या, म्हणजे दोन फाट्यांच्या काठीनं फांद्या उचलून भिंतीला अशा दाबून बसवल्या की मुंगी शिरणार नाही. मधेमधे मुळासकट काढलेले ठोंबही लावले. "वाळकी चार म्हैने टिकंल, तवर ही धरंल," म्हणाला. त्याला चहा दिला, खिचडी दिली.

तात्यासाहेब बघायला आले, म्हणाले, "वा बाई, मर्दानी काम केलंत." म्हटलं, मर्दानी काम पुसायलाच तर हे केलं. त्यांना कळलं नाही.

हे खाली आलेच नाहीत. वरच्या खिडकीत उभे होते.

२ डिसेंबर, मंगळवार

भिंत कोरडी! वास नाही! खिडकी उघडी टाकून पोळ्या केल्या.

पण सुख म्हणून नाही. आता बोळातला सगळा कचरा उडत येऊन बोराटीत अडकतो. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंते, आणि लिहू नये अशा वस्तू. आज चिमटा घेऊन एकेक काढत बसले. ओकारी दाबत दाबत काढलं सगळं. माणूस ही जातच घाणेरडी. झाड बिचारं नुसतं पुरावा धरून ठेवतं.

घरातही एकेक तऱ्हा. यांनी आज स्वतःचा पायजमा स्वतः धुतला. का, तर म्हणे स्वावलंबन. आणि मुहूर्त कोणता, तर नळाला पाणी यायला अजून अवकाश असताना! टाकी तळाला गेलीय. मी यांना चांगलंच तासलं. "एवढे दिवस रुमालसुद्धा कधी धुतला नाहीत, आता ऐन पाणीटंचाईत हौस आली का?" खाली मान घालून दोरीवर पायजमा वाळत घालत राहिले. चिमटेसुद्धा सारख्या अंतरावर. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला, तो नेटकेपणा जायचा नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

देवगाव रंगारीला माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न. एकटी जाऊन आले. यांनी ऐनवेळी नाही म्हटलं. "बसमध्ये बसवत नाही." तास-सव्वा तासाचा रस्ता! मी म्हटलं टॅक्सी करू. तर टॅक्सीतही बसवत नाही. मांडवात जो तो विचारतोय, केशवराव कुठं? किती जणांना सांगू पित्त झालंय म्हणून? लाज आणली नुसती.

आल्यापासून मी यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बोराटीत कुणीतरी वाट केलीय!

मोडून-तोडून नाही. एक माणूस उभा राहील एवढ्याच जागेतल्या फांद्या अलगद बाजूला सारून सुतळीनं मागं बांधल्यात. गाठी तरी कशा, एकसारख्या, टोकं कापलेली. आणि भिंत ओली. म्हणजे बघा, या गटारछाप लोकांना हे करायला अक्कल आहे, सवड आहे, सुतळी आहे, फक्त घरी जाऊन करायला वेळ नाही!

सुतळी सोडून पुन्हा बांधायला घेतली तर आमचं रीळ जागेवर नाही. यांना विचारलं, तर म्हणे माहीत नाही. घरातल्या वस्तूला पाय फुटतात.

रत्नमाला गॅलरीतून बघत होती. हाक मारली तर आत गेली.

३ जानेवारी, शनिवार

यांच्या पोटरीवर ओरखडे, आणि एक काटा आत मोडलेला. मी चष्मा लावून सुईनं काढला. वाकडा काटा, आत शिरला की मागं येत नाही, मांस उकरावं लागलं. हूं की चूं केलं नाही यांनी.

"कुठं लागला?"

"बोळातून येताना."

"तिकडून यायचं कशाला? फाटकातून यावं सरळ."

"फाटकाला सगळा वळसा पडतो गं." एवढं म्हणून दुसरीकडे बघत राहिले.

चालायला जातात तेही आता बंद केल्यासारखंच. दिवसभर बाहेरच्या खोलीत. झोपायलाही तिथंच, म्हणे मी घोरते. आणि सारखं आत-बाहेर, आत-बाहेर. त्या बाथरूमला वास मारतो. आज मी दार वाजवून म्हटलं, "अहो, किती वेळा फ्लश करता? पाण्याचा दिवस लांब आहे अजून. लहान मूल आहात का?" मग बराच वेळ आतून पाण्याचा आवाज आला नाही.

अंगाला टाल्कम पावडर लावायला लागलेत. या वयात!

मनस्विनीचा फोन आला होता. "आई, बाबा व्हिडिओत केवढे बारीक दिसतात! आणि जेवताना पाण्याचा तांब्या का नसतो त्यांच्यापाशी?" पुण्यात बसून हिला तांब्या दिसतो. मी म्हटलं, तुझे बाबा हट्टी आहेत, दुसरं काही नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. संक्रांतीच्या वाणाला बोरं हवीत म्हणून कॉलनीतल्या दोघीतिघी आल्या. "बाई, तुमच्या बोराटीला चणीबोरं लागलीत की! घ्यायची का?" त्या भिंतीची बोरं सुगडात घालणार! ईईई! अक्षरशः हाकललं.

एक ठोंब मात्र खरोखरच जगलाय. बाकीचे नुसते काड्या होऊन उभे आहेत, पण ती वाट केलेली जागा आहे ना, तिथल्या ठोंबाला भर थंडीत हिरवीगार पालवी फुटलीय. मी मधूनमधून तांदळाचं धुवण टाकते त्याचा गुण असावा. हाताला यश आहे माझ्या.

रत्नमाला तिळगूळ घेऊन आली आणि घुटमळत बसली. मग म्हणाली, "बाई, काढून टाकू का ती बोराटी? झालं की काम आता."

"वेड लागलं का तुला? एक निर्लज्ज अजून येतोच आहे तिथं."

"येऊ द्या की एखाद्याला. म्हातारंकोतारं आसंल."

"म्हातारा असेल तर जास्त कळायला पाहिजे."

ती उठली. दारातून म्हणते, "भाऊजींना एकदा डॉक्टरला दाखवा बाई. लई उतरलेत." जी ती आपली यांच्या तब्येतीवर! माझा रक्तदाब कुणी विचारत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

ठरलं. तो एक जण पकडायचाच. वेळ दुपारची असते, जेवणानंतर सगळे आडवे होतात तेव्हा. मी गच्चीवर बसणार, दिसला की थाळी बडवणार, बायकांनी धावत यायचं, फोटो काढायचा आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचा. तात्यासाहेबांनी एका पायावर हो म्हटलं. शिवाय माझी एक पुरवणी आहे. भांडी विसळलेलं पाणी मी तसंही टाकून देत नाही, त्याचीच बादली वर नेऊन ठेवलीय. घाणीला घाण.

हे जेवता जेवता उठून गेले. भाताला हातसुद्धा लावला नव्हता.

२२ जानेवारी, गुरुवार

लिहिते. कुणाशी बोलवत नाही, म्हणून लिहिते.

दुपारी मटार घेऊन गच्चीवर गेले. त्याआधी खाली यांच्यावर ओरडून झालं होतं. टाकी पुन्हा तळाला आणि फ्लशचा आवाज. म्हटलं, "आता पुन्हा त्या बाथरूममध्ये गेलात तर बाहेरून कडी घालीन." गमतीनं म्हटलं. गमतीनंच म्हटलं होतं.

दोन-चार शेंगा सोलल्या असतील. बोळात पावलं वाजली. कठड्यावरून बघितलं, तर माकडटोपी. भर उन्हात! अंगात बोहारणीलाही देऊ नये असलं जाकीट. त्या हिरव्या ठोंबापाशी पाठमोरा उभा. आणि अडकलेला! पायजमा काट्यात गुंतलेला, जितका ओढतो तितका जास्त धरला जातोय. मला इतका आनंद झाला की काय सांगू. थाळी बडवली, ओरडले, "सापडला! सापडला! या गं, बघा मेल्याला! तस्साच राहू दे, फोटो काढा!" आणि बादली उचलून सगळीच्या सगळी ओतली.

त्यानं वर पाहिलं.

चष्म्यावर भाताची शितं होती. हे होते.

एकदाच पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून सोडवत राहिले. एका हातानं काटे, दुसरा हात नाडीवर.

बायका धावल्या, क्लासची पोरं मोबाईल घेऊन धावली. सगळ्यांच्या आधी रत्नमाला पोचली. यांच्याकडे पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली. "कोन नाय, कोन नाय! माजी साडी उडून अडकली व्हती, भाऊजी काढून देत व्हते. बाईंनी चुकून पानी टाकलं. जावा घरला! ए, मोबाईल खिशात घाल, न्हायतर काट्यात फेकीन." मग मागच्या मागं यांना म्हणाली, "सावकाश, भाऊजी. कुनी बघत नाय."

मी गच्चीवरच. हातात थाळी.

खरं लिहायचं तर आधी दया नाही आली. किळस आली. यांची. माझ्याच घरातला माणूस, माझ्याच भिंतीला, आणि मी चिमटा घेऊन ते साफ करत होते! खाली उतरले तर हे न्हाणीघरात उरलेल्या गार पाण्यानं आंघोळ करत होते. ते जाकीट दाराशी पडलेलं. बोहारणीसाठी मीच काढून ठेवलेलं.

संध्याकाळी हे पोट धरून वाकले. घामानं चिंब. तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "प्रमोदिनी, होत नाहीये गं. लागलीय आणि होत नाहीये." पोटाला हात लावला तर दगड.

२३ जानेवारी, शुक्रवार

दवाखाना. काल रत्नमालेच्या नवऱ्यानं गाडीतून आणलं. नळी घालताच पिशवी भरली, पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरली. प्रोस्टेट वाढलाय. मूत्राशय कधी पूर्ण रिकामं होतच नव्हतं, म्हणून सारखी लागायची आणि लागली की थांबायची नाही. मूत्रपिंडांना सूज आलीय. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर दोन्ही गमावून बसला असता. आताही किती सुधारतील ते बघावं लागेल, मगच ऑपरेशन.

"कधीपासून होतं, काका?"

"दसऱ्यापासून."

"आणि पाणी?"

"कमी केलं. म्हणजे कमी लागेल म्हणून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळले. "तुमच्या लक्षात नाही आलं, बाई?"

माझ्या! पोराचं तोंड बघून सांगायचे मी, गृहपाठ झालाय की नाही ते. पायजमे धुताना बघितले, काटा काढला, दार वाजवलं. सगळं बघितलं आणि प्रत्येक वेळी रागावले. माझीच मला इतकी शिसारी आलीय की आरशात बघवत नाही.

मनस्विनी संध्याकाळपर्यंत पोचेल. तिला काय सांगू?

२५ जानेवारी, रविवार

मनस्विनी दवाखान्यात बसली, मी कपडे न्यायला घरी आले. आधी बाहेरच्या संडासाचं कुलूप तोडलं, किल्ली सापडेना म्हणून वरवंट्यानं. कूलर ओढून बाहेर काढला. मग बोळात जाऊन बोराटी उपसायला लागले. वाळक्या फांद्या निघाल्या, हात रक्तबंबाळ झाले. तो हिरवा ठोंब हलेना.

रत्नमाला आली आणि माझा हात धरून मागं ओढलं. "ऱ्हाऊ द्या. मुळं धरलीत तिनं. आता तोडली तरी फुटंल."

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"तुमी लग्नाला गेल्ता तवा बघितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ती माझ्या तळहातातले काटे काढत होती. "भाऊजी हात जोडून हुबे राह्यले व्हते माज्यापुढं, बाई. म्हनले, हिला कळू देऊ नका." पदरानं डोळे पुसले तिनं. "येवढा शिकलेला मानूस. माज्यापुढं हात जोडून."

एवढ्यात तात्यासाहेब आले. "अहो बाई, काढता कशाला? तीन दिवस झाले, भिंत कोरडी ठणठणीत! तो कोण होता तो पुन्हा फिरकला नाही. मी तर म्हणतो, पुढच्या बाजूलाही लावू."

मी म्हटलं, "ते माझे यजमान होते. आजारी आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

ते बुटाकडे बघायला लागले. "माहीत... म्हणजे कानावर आलं होतं. पण असं उघड बोलत नसतात बाई. शी. बरं दिसत नाही."

माझंच 'शी', माझ्याच सुरात. थोबाडीत बसल्यासारखं झालं. म्हटलं, "आमचा बाहेरचा संडास आजपासून उघडा आहे. रिक्षावाल्यांना सांगा, क्लासच्या पोरांना सांगा. फिनेल मी घालीन."

"आपल्या कॉलनीत? सार्वजनिक? छे छे, घाण होईल नुसती!" त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि गेले. ते ग्रुपवर बैठक बोलावणार आहेत म्हणे. बोलावू देत.

२८ जानेवारी, बुधवार

आज यांना घरी आणलं. नळी आणि पिशवी अजून महिनाभर तरी राहणार. मूत्रपिंडं थोडी सुधारलीत, पुरती नाहीत. ऑपरेशनचं नंतर ठरेल. मनस्विनीला सुट्टी नव्हती, दुपारच्या गाडीनं गेली. दवाखान्यात पिशवी नर्स रिकामी करायची, मी खिडकीबाहेर बघत राहायची. घरी नर्स नाही.

हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "एखादी बाई ठेवू कामाला. तुझ्याच्यानं व्हायचं नाही हे."

"मला सांगितलं का नाहीत हो?"

"तुला सगळं सांगता येतं, प्रमोदिनी. हे नाही सांगता आलं." मग थांबून म्हणाले, "दुखण्याची भीती नव्हती वाटत मला. तुझं तोंड कसं होईल त्याची वाटायची."

मी भांडं घेतलं, गुडघे टेकून पिशवीची तोटी सोडली. वास आला. तोच, भिंतीचा. गरम होता. डोळ्यांत पाणी आलं, मी दात आवळून धरले होते आणि तरी माझं तोंड जसं व्हायचं तसंच झालं असणार. हे वळून बघत होते. मला किळस आली नाही असं मी या वहीत लिहिणार नाही. आली. भांडं सांडू न देता संडासात नेऊन ओतलं, आणि मग तिथंच वाकून सकाळचा चहा ओकले. सगळं धुतलं. तोंड धुतलं. पाण्याचा हिशेब केला नाही.

परत आले तर यांनी पिशवीवर चादर ओढून घेतली होती. अगदी नीट, चारही बाजूंनी खोचून, मला दिसू नये म्हणून. आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग.

मी चादर काढली, घडी केली आणि कपाटात ठेवून दिली.

"झाकू नका," म्हटलं. "भरली की मला दिसली पाहिजे."